यंदाच्या केलयात्रेत राणी का झाली नाही

ब्रोकहोर्न,
फेब्रुवारीचा शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप गेझिनेताई यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या, टोमाच्या, नवऱ्याचा, म्हणजे रेंकेचा, ओले मोजे शेगडीवर वाळत घालून अनवाणी पायांनी केलेला नमस्कार. तुमच्या खुब्याचं कसं काय? इम्के सांगत होती की तुम्ही आता काठी घेऊन जिना चढता, आणि काठी कशाला म्हणून विचारणाऱ्याला तीच काठी दाखवता. ऐकून बरं वाटलं. तिकडे गार्मिशच्या डोंगरांवर बर्फ असेल. इकडे बर्फ नाही की धड ऊन नाही, नुसता ओलावा आहे. वरून येतो, खालून येतो, आणि या वर्षी आमच्या घरात आतूनही येतो, पण ते असो. (तुम्हाला रडगाणं चालत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या लग्नात माझी आई रडायला लागली तेव्हा तुम्ही तिच्यापुढे बटाट्यांची पाटी आणून ठेवली होतीत.) मी ठीक आहे. वेळेवर जेवतो. कोंबड्या माझ्यावर रुसलेल्या आहेत, कारण मी त्यांच्याशी टोमासारखं बोलत नाही. काय बोलायचं ते मला सुचत नाही.

पत्रास कारण की, यंदाच्या केलयात्रेत काय घडलं ते इम्के तुम्हाला फोनवर सांगणार आहे, आणि तिच्या आधी ते माझ्याकडून कळलेलं बरं. फोन पत्राच्या आधी पोचतो हे मलाही समजतं. पण शेजारी राहून इम्केला मी पुरता ओळखतो. मुद्द्यावर यायला तिला आठवडा लागतो, तोवर पोस्टमन येऊन जाईल.

ताई, यात्रा तुम्हीच सुरू केलीत, नियम तुमचेच, तरी एकदा उजळणी करतो, कारण भूल दिल्यापासून आपल्याला काही काही आठवत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात. थंडीचा कडाका पडून केलची भाजी गोड झाली की हातगाडीत कोर्न दारूच्या बाटल्या घालायच्या, एक छोटा पेला दोरीने गळ्यात अडकवायचा, आणि स्टेशनपासून दलदल ओलांडून पलीकडे टाल्केच्या खानावळीपर्यंत पायी जायचं. येताना आगगाडी, जाताना शेवटची बस, मधे फक्त पाय. मोटार आणेल त्याला ताट मिळणार नाही. खानावळीत केल आणि सॉसेज पोट फुटेस्तोवर खायचं, आणि ज्या बाईची आणि ज्या बाप्याची सर्वांत जास्त ताटं रिकामी होतील, ती राणी आणि तो राजा. त्यांच्या गळ्यात पदक घालायचं. (पदक म्हणजे फितीला टांगलेलं डुकराच्या जबड्याचं हाड. शहरातला माणूस ते बघून दोन पावलं मागे सरतो. आमच्याकडे ते मिळालं तर लोक महिनाभर ताठ चालतात.) पुढच्या वर्षीची यात्रा राजाराणीने ठरवायची, आणि त्या यात्रेच्या जेवणानंतर आपापलं पदक स्वतःच्या हाताने उतरवून नव्या माणसाच्या गळ्यात घालायचं.

गेल्या वर्षी राजा मी झालो आणि राणी टोमा झाली. एका घरात दोन्ही पदकं, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. शेजारचा हायको तेव्हापासून मला महाराज म्हणतो आणि माझ्याकडून शिडी मागून नेतो, ती परत करत नाही. टोमाने तिचं पदक स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या मुठीला अडकवलं होतं. भांडी घासताना ते तिच्या डोळ्यांपुढे असायचं. ऑक्टोबरमध्ये ती गेली. पदक तिथेच आहे. खिडकी उघडली की हाड काचेवर आपटतं. म्हणून मी खिडकी उघडत नाही, आणि म्हणून आमच्या स्वयंपाकघरात शेगडीचा, मोज्यांचा आणि कांद्याचा असा मिळून एक वास कायमचा राहायला आला आहे.

मातीला आला होतात तेव्हा दफनभूमीच्या फाटकाशी तुम्ही मला म्हणालात, फेब्रुवारीत यात्रा व्हायला हवी, आणि तिचं पदक तू पुढे द्यायचं, नियम म्हणजे नियम. मी हो म्हणालो. ताई, तुम्हाला मी नेहमी हो म्हणतो. तुम्ही काय म्हणालात ते मला मागाहून कळतं. घरी येऊन कोट काढला तेव्हा कळलं, की ते पदक मला कुणालाही द्यायचं नाही. स्पष्टच लिहितो. इम्केला नाही, टाल्केला नाही, कुणालाही नाही. ते दुसऱ्या बाईच्या गळ्यात गेलं की टोमा राणी राहत नाही. मग ती नुसती गेलेली बाई होते. यात्रा होऊच दिली नाही तर तुमचा शब्द मोडतो, आणि झाली तर पदक जातं. अशा कात्रीत सापडल्यावर माणूस जे करतो ते मी केलं. लबाडी केली.

मी बस चालवण्यात जन्म घालवला. या भागातली शेवटची बस कुठून किती वाजता सुटते हे मला झोपेतही सांगता येतं. राजाराणी ठरतात ते जेवणानंतर, लाल फळांचा गोड पदार्थ आला की. तेव्हा मी हिशेब असा केला, की मंडळींना दलदलीतून लांबच्या वाटेने न्यायचं, खानावळीत इतक्या उशिरा पोचवायचं की घास कोंबून बसकडे पळण्याखेरीज वेळच उरू नये. पदकाचं मग पुढच्या वर्षी बघू. बाकी जोडप्यांतही कुणी एक जण पुढच्या वर्षी नसेल, असा दुष्ट विचारही मनात आला, तो लगेच परत घेतला.

स्टेशनावर सगळे वेळेवर आले. तुम्ही गार्मिशला गेल्यापासून थोडे पिकले आहेत, पण तेच सगळे. एकेकाने माझा हात हातात घेतला, ‘मोइन’ म्हटलं, आणि हात गरजेपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला. टोमाचं नाव कुणी काढलं नाही. आपल्या लोकांचं हे असं आहे, घराला आग लागली तरी आधी ‘मोइन’ म्हणतील आणि मग बादली कुठे आहे विचारतील. मला राग आला होता. ऑक्टोबरपासून माझ्यासमोर तिचं नाव एका माणसाने घेतलेलं नाही, पाद्री सोडला तर, आणि त्याला त्याचा पगार मिळतो. हातगाडीचा उजवा दांडा मी धरला. डावा दांडा टोमाचा असायचा. इम्के आली आणि तिने तो धरला. मला तिला सांगायचं होतं की सोड, मी एकटा ओढतो. पण गाडीत बाटल्या फार होत्या.

हायकोकडे पाठपिशवी नव्हती, यावरून मला संशय यायला हवा होता. एरवी तो शेजारच्या गावी निघाला तरी दोन स्वेटर घेतो. म्हणाला, गुडघा दुखतोय, ओझं नको. (त्या गुडघ्याबद्दल खाली लिहितो.)

हेदरच्या झुडपांच्या माळावरून भूर्जाच्या झाडांपर्यंत आम्ही झकास गेलो. दर वळणावर थांबून एकेक पेला झाला. आकाशात क्रौंच आले होते, यंदा लवकर आले आहेत, आणि त्यांच्या ओरडण्याने सगळे मान वर करून उभे राहिले, तेवढ्यात मी गाडी डावीकडच्या वाटेला घातली. डावीकडची वाट म्हणजे दलदलीला पूर्ण वळसा, पक्षी बघायच्या लाकडी मनोऱ्यावरून पुढे आणि मग फळ्यांच्या वाटेने. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, कोर्न कामाला आली.

आता यात माझी एक चूक झाली. अभयारण्याच्या लोकांनी दोन वर्षांपूर्वी जुने चर बुजवले आहेत, दलदल पुन्हा दलदल व्हावी म्हणून. झाली. टोमा त्यांच्या सभांना जायची आणि घरी येऊन शेवाळाबद्दल असं बोलायची जसं दुसऱ्या बायका नातवंडांबद्दल बोलतात. मी हो हो म्हणत वर्तमानपत्र वाचायचो. त्यामुळे जिथे मला पायवाट ठाऊक होती तिथे आता तळं आहे, आणि जिथे तळं होतं तिथे त्याहून मोठं तळं आहे. फळ्या पाण्याखाली गेलेल्या. हातगाडीचं पुढचं चाक फळीवरून घसरलं, गाडी एका कुशीवर झाली, आणि बाटल्या काळ्या पाण्यात एकामागून एक अशा शांतपणे बुडाल्या की पुरुषांनी टोप्या काढल्या. हायकोने कोपरापर्यंत हात घालून दोन वाचवल्या. गुडघा त्या वेळी दुखत नव्हता.

तिथून मी परत फिरलो, उजवीकडे वळलो, मग वाटलं डावीकडेच बरं, आणि थोड्या वेळाने आम्ही परत मनोऱ्यापाशी आलो. मी म्हटलं, हा दुसरा मनोरा. आणखी चाललो. पुन्हा मनोरा आला, त्याच्या पायरीवर मघाशी इम्केने विसरलेला हातमोजा होता. इम्केने तो उचलला, हातात घातला, आणि पुन्हा दांडा धरला. हायकोने तोंड उघडलं होतं, पण तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने जांभई दिल्यासारखं केलं.

ताई, पहिल्यांदा मनोरा आला तो माझ्या लबाडीने. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा आला तो मी खरोखर चुकलो म्हणून. बस चालवणारा माणूस, जन्मात एक थांबा चुकला नाही, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर, जिथे मी लहानपणी बापाबरोबर जळणाची काळी माती कापायला यायचो, तिथे मला उत्तर दिशा कुठे ते कळेना. आणि उभा राहिलो तेव्हा कळलं की या वाटेवर मी कधी वाट बघितलीच नव्हती. इतकी वर्षं टोमा डावा दांडा ओढत होती आणि तो जिकडे जाईल तिकडे उजवा दांडा जात होता. मी तिच्याशी गप्पा मारत होतो, म्हणजे ती मारत होती. वाट तिला ठाऊक होती. मला रडू आलं. सगळ्यांच्या देखत, दलदलीत, गळ्यात दारूचा पेला आणि राजाचं पदक घालून. तुम्ही असतात तर बटाटे दिले असतेत. इथे कुणाकडे बटाटे नव्हते. सगळे जण क्रौंच बघायला लागले. आकाशात एकही क्रौंच नव्हता.

मग इम्केने डावा दांडा जरा जोराने ओढला. गाडी वळली, म्हणून मीही वळलो. इम्के सरळ, न चुकता, ओल्या गवतातून, उंच बांधावरून आम्हाला अशी घेऊन गेली की अंधार पडायच्या आत टाल्केच्या खानावळीचा दिवा दिसला. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ही सगळी माणसं याच दलदलीच्या काठावर वाढलेली. पहिल्याच वळणावर त्यांना कळलं होतं की मी वाकडी वाट धरली. तीन वेळा एका मनोऱ्याला वळसा घातला आणि कुणी ब्र काढला नाही.

खानावळीमागच्या कुरणात हायकोची मोटार उभी होती. आदल्या दिवशीच गुपचूप आणून ठेवली होती पठ्ठ्याने, जेवण झालं की गुडघा घेऊन घरी जायला. कुरणातही आता पाणी वर आलं आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मोटार पुढच्या दिव्यांपर्यंत खाली बसली होती. तुमचा नियम दलदलीने स्वतःच पाळून घेतला. (दुसऱ्या दिवशी टाल्केच्या भाच्याने ट्रॅक्टरने ओढून काढली. आत एक बेडूक होता. हायको म्हणतो, बेडूक आधीपासून होता.)

टाल्के दारात कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, केल दोनदा गरम केली, तिसऱ्यांदा करणार नाही, काय ती गिळा. मी मनातून खूश. म्हटलं, बसायला आता जेमतेम वेळ आहे, खाल्लं की पळायचं. तसं मी बोलून दाखवल्यावर टाल्केने भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट केलं. नव्या वर्षापासून शेवटची बस तासाभराने पुढे ढकलली आहे. मी निवृत्त झालो आणि त्यांनी मला न विचारता वेळापत्रक बदललं. म्हणजे मंडळी भिजली, कोर्न बुडाली, मी सगळ्यांपुढे रडलो, आणि राणी निवडायला वेळ मुबलक होता.

मी टोमाचं पदक खिशात घेऊन गेलो होतो. तुम्हाला शब्द दिला होता ना. बोटांनी ते चाचपत बसलो आणि कोणती बाई जिंकेल त्याचा अंदाज घ्यायला लागलो. ताटं आली. वाफाळती केल, वर दोन दोन सॉसेज, कडेला बटाटे. आणि मग जे झालं ते टाल्केच्या खानावळीत आजवर झालं नसेल. इम्के, जिने एके वर्षी पाच ताटं संपवून वर पाव मागितला होता, तिने चार घास खाल्ले आणि काटा खाली ठेवला. म्हणाली, पोट भरलं. तिच्या शेजारणीने तीन घासांतच हात थांबवला. तिसरीने नुसते बटाटे उकरले. सगळ्या बायकांनी ताटं पुढे सरकवली, एकजात सगळ्या. दुपारभर दलदलीत चिखल तुडवलेल्या, भुकेने पांढऱ्या पडलेल्या बायका. मग पुरुषांनीही हात आखडले. हायकोने अर्धं सॉसेज ठेवून दिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं, सॉसेजसाठी होतं.

टाल्के आतून आली, एकेक भरलेलं ताट बघत गेली. तिचा चेहरा आधी लाल झाला. विचारलं, मीठ जास्त आहे का? तिने सगळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या खिशातल्या हाताकडे. तिने ताटं उचलायला घेतली आणि म्हणाली, “एकही ताट रिकामं नाही. यंदा राणी नाही.” आणि आत जाऊन तिने भांडी जरा जास्तच आपटली.

तर असं झालं. नियम मी मोडला नाही. पदक द्यायला मी तयार होतो, घेणारी कुणी झाली नाही. घरी येऊन ते परत खिडकीच्या मुठीला अडकवलं. तुम्ही रागवाल, आणि तुमचा राग योग्यच असेल. पण इम्के फोनवर यात्रा बिघडली असं म्हणाली तर विश्वास ठेवू नका. अशी यात्रा पूर्वी झाली नव्हती. खुब्याला जपा. मोठ्यांना नमस्कार लिहिला असता, पण आपल्यात आता तुमच्याहून मोठं कुणी उरलेलं नाही.

तुमचा,
रेंके

ता.क. – टोमाने ऑगस्टमध्ये घातलेल्या आलुबुखारांच्या मुरंब्याची शेवटची बरणी सोबतच्या खोक्यात आहे. मी दोन उघडल्या, पण एकट्याला संपत नाहीत. बरणी परत पाठवायची आहे.

ता.क. २ – पत्र लिहिलं ते खरं म्हणजे यासाठी. नवा राजाही झाला नाही आणि राणीही नाही, तर पुढच्या वर्षीची यात्रा मी एकटा ठरवणार, आणि मी ठरवली तर काय होतं ते तुम्ही वर वाचलंत. मंडळीही दर वर्षी माझ्यासाठी उपाशी राहतील, हे बरं नाही. हायको मरेल. तेव्हा पुढच्या फेब्रुवारीत तुम्ही या. गार्मिशहून आगगाडीने, नियमाप्रमाणे. खुब्याची चिंता नको, बाटल्यांऐवजी गाडीत तुम्हाला बसवू, उशा घालू, डावा दांडा इम्के धरेल. आणि खानावळीत पोटभर जेवा. तुम्ही दोन ताटं घेतलीत की बाकीच्या बायका आपोआप थांबतील, त्या तुम्हाला अजून भितात. मग मी माझ्या हाताने पदक तुमच्या गळ्यात घालीन. तुमची मान तिच्यासारखी आहे. तेवढं मला बघवेल.

ता.क. ३ – पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. तुम्ही नियम घातलेत, तेव्हा तुमच्यापासून लपवणं बरं नव्हे. गेल्या वर्षी टोमाने दोन घासही खाल्ले नव्हते. जात नव्हतं तिला. डॉक्टरकडे जायच्या आधीची गोष्ट. कुणाला कळू नये म्हणून तिचं प्रत्येक ताट मी टेबलाखालून घेऊन संपवत होतो, आणि कळू नये म्हणूनच ती पुन्हा पुन्हा मागत होती. राणी ती त्यामुळे झाली. म्हणजे नियमाने पाहिलं तर ती राणी नव्हतीच. परवा बसची वाट बघताना हे मी इम्केला सांगून टाकलं. ती म्हणाली, “सगळ्यांना दिसत होतं, रेंके. म्हणून तर गेल्या वर्षी आम्ही दुसरं ताट मागितलं नाही.”